कोळंबीचे खाद्य आणि ‘वाढ’ नावाचा आकडा

आहाराचा धडा शिकवायला घेतला की फळ्यावर एक कोष्टक हमखास उमटते. कर्बोदके ऊर्जेसाठी, प्रथिने शरीराच्या बांधणीसाठी, मेद साठवणीसाठी. कोष्टक चुकीचे नाही. पण ते वाचून विद्यार्थ्यांची अशी समजूत होते की प्रत्येक अन्नघटक आपापले ठरलेले काम करतो आणि दुसऱ्याच्या कामात लक्ष घालत नाही. प्रत्यक्ष शरीरात असे घडत नाही. ऊर्जा कमी पडली तर शरीर प्रथिनेही जाळते. खाद्यात पिष्ट वाढवले तर आणखी काहीतरी कमी करावेच लागते. मग जो परिणाम दिसतो तो नेमका कोणाचा?

हा प्रश्न समजावून घेण्यासाठी आम्ही एक जरा वेगळे उदाहरण निवडले आहे. ते आहे तळ्यात वाढवलेल्या कोळंबीचे. कोळंबीच्या खाद्यातील कर्बोदके आणि तिची वाढ यांच्या संबंधावर गेल्या पन्नासएक वर्षांत जपान, फिलिपाइन्स, तैवान, अमेरिका आणि आपल्या देशातही पुष्कळ प्रयोग झाले. त्यांतील काही निबंध वाचताना आमच्या लक्षात आले की त्यांतून दोन परस्परविरोधी वाक्ये काढता येतात. एक: ‘कोळंबीला कर्बोदके फारशी मानवत नाहीत.’ दुसरे: ‘कर्बोदके दिली की प्रथिनांची बचत होते.’ दोन्ही वाक्ये खाद्यविषयक माहितीपत्रकांत आणि विद्यार्थ्यांच्या टिपणांत सुखाने शेजारी शेजारी नांदतात. दोन्हींना प्रयोगांचा आधार आहे. आमचा आक्षेप प्रयोगांवर नाही, तर त्यांचे सार सांगताना जो अर्धा भाग गाळला जातो त्यावर आहे.

कशाच्या जागी?

प्रथम एक साधी गोष्ट. खाद्याची कृती टक्क्यांत लिहिलेली असते आणि बेरीज शंभरच असावी लागते. 20 टक्के पिष्टाचे खाद्य 30 टक्क्यांचे करायचे तर 10 टक्के दुसरे काहीतरी काढावे लागते. संशोधकापुढे तीन वाटा असतात. प्रथिने कमी करावीत, मेद कमी करावेत, किंवा जागा भरण्यासाठी घातलेले सेल्युलोज कमी करावे. सेल्युलोज कोळंबीला जवळजवळ पचत नाही, म्हणून ते ‘भरताड’ म्हणून वापरतात.

आता या तीन वाटांनी तीन प्रयोग केले आणि तिघांनाही ‘पिष्टाचा वाढीवरील परिणाम’ असेच नाव दिले, तर काय होईल? सेल्युलोजच्या जागी पिष्ट घातले असेल तर खाद्यातील पचणारी ऊर्जा वाढली. पिष्ट चांगले दिसण्याची शक्यता अधिक. प्रथिनांच्या जागी घातले असेल तर ऊर्जा साधारण तेवढीच राहिली, पण बांधणीचा माल कमी झाला. पिष्ट वाईट दिसण्याची शक्यता अधिक. पदार्थ तोच, प्राणी तोच, पण निकाल उलट. यात कोणीही खोटे बोललेले नसते. प्रश्नच वेगळे विचारले गेलेले असतात.

म्हणून असा निबंध वाचताना पहिला प्रश्न ‘किती?’ हा नसून ‘कशाच्या जागी?’ हा असायला हवा. निबंधातील कृतीच्या कोष्टकात त्याचे उत्तर असते. सारांशात ते बहुधा नसते.

ग्लुकोजवरचा आरोप

कर्बोदके कोळंबीला मानवत नाहीत या समजाचे मूळ बऱ्याच अंशी ग्लुकोजच्या प्रयोगांत आहे. 1979 साली जपानमधील कागोशिमा विद्यापीठाशी संबंधित अब्देल-रहमान, कानाझावा आणि तेशिमा यांनी ‘कुरुमा’ या जपानी कोळंबीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत निरनिराळी कर्बोदके असलेली खाद्ये देऊन पाहिली होती. ग्लुकोजसारख्या एकशर्करांवर कोळंबीची वाढ खुंटली. द्विशर्करा आणि पिष्टासारख्या बहुशर्करा यांच्यावर ती चांगली झाली. रक्तातील साखरही मोजली होती. ग्लुकोजच्या खाद्यानंतर ती झपाट्याने चढली आणि 24 तासांनंतरही चढलेलीच राहिली. इतर कर्बोदकांच्या खाद्यानंतर ती काही तासांत चढून पुन्हा उतरली.

हे वाचून कोणीही म्हणेल की विषय संपला. पण कोळंबी खाते कशी ते पाहिले की शंका येते. मासा घास गिळतो. कोळंबी खाद्याची गोळी पुढच्या पायांनी धरून कुरतडत बसते. गोळी बराच वेळ पाण्यात राहते. ग्लुकोज पाण्यात लगेच विरघळतो. पिष्टाचे उलट आहे. शिजवलेल्या पिष्टाची खळ होते आणि ती गोळीला चिकटपणा देते. म्हणजे ग्लुकोजच्या गोळीतून ग्लुकोज तर निघून जातोच, शिवाय गोळी ठिसूळ झाल्यामुळे बाकीचे घटकही पाण्यात जाऊ शकतात. मग कोळंबीला ग्लुकोज मानवला नाही, की तिच्या पोटात खाद्यच कमी गेले?

शंका रास्त आहे. पण रास्त शंका म्हणजे खंडन नव्हे. तीही तपासावी लागते आणि ती तपासण्याचे साधन याच संशोधनात सापडते. 1987 साली फिलिपाइन्समधील इलोइलो प्रांतातील तिगबावान येथील मत्स्यसंवर्धन केंद्राच्या अलावा आणि पास्कुआल यांनी टायगर कोळंबीच्या पिलांना ट्रेहॅलोज, सुक्रोज आणि ग्लुकोज अशा तीन शर्करा निरनिराळ्या प्रमाणात देऊन पाहिल्या. सुक्रोज म्हणजे आपली नेहमीची साखर. ट्रेहॅलोज ही दोन ग्लुकोज रेणूंची जोडी असून ती पुष्कळ कीटकांच्या रक्तात आढळते. ट्रेहॅलोज आणि सुक्रोज खाणाऱ्या पिलांचे वजन ग्लुकोज खाणाऱ्या पिलांपेक्षा अधिक वाढले.

आता गंमत पाहा. या तिन्ही शर्करा पाण्यात सहज विरघळतात. खळ तिघींपैकी एकीचीही होत नाही. विरघळणे हेच ग्लुकोजच्या अपयशाचे एकमेव कारण असते, तर साखरेचीही तीच गत व्हायला हवी होती. ती झाली नाही. तेव्हा विरघळण्याचा वाटा काही प्रमाणात असला तरी सगळे खापर त्याच्यावर फोडता येत नाही. शिवाय रक्तातील साखर चढली होती, याचा अर्थ ग्लुकोज पोटात पोचला होता.

फरक दुसरीकडे शोधावा लागतो. द्विशर्करा आणि पिष्ट यांना आधी पचावे लागते. कोळंबीच्या यकृत-स्वादुपिंडात, म्हणजे दोन्हींचे काम करणाऱ्या एकाच अवयवात, पिष्ट तोडणारे अमायलेज हे विकर असते. पिष्टाचा ग्लुकोज सावकाश सुटतो आणि सावकाश शोषला जातो. मोकळा ग्लुकोज मात्र एकदम रक्तात शिरतो आणि कोळंबीला एवढा लोंढा लवकर आवरता येत नाही. आपल्या शरीरात जेवणानंतर इन्शुलिन ज्या तत्परतेने हे काम करते, तशी तत्परता येथे दिसत नाही. रक्तातील साखर वाढवणारे संप्रेरक मात्र कोळंबीच्या वर्गातील प्राण्यांत चांगले प्रभावी असते. ते डोळ्यांच्या देठात तयार होते. कवचधारी प्राण्यांच्या डोळ्यांच्या देठातील अशा द्रव्याची नोंद 1944 सालीच झाली होती. प्राणी घाबरला, जाळ्यात धरला गेला, की या संप्रेरकामुळे रक्तातील साखर चढते. म्हणून रक्ताचे आकडे वाचताना कोळंबी पाण्याबाहेर काढण्याचा ताणही त्यात मिसळलेला असतो हे विसरू नये. सर्व गट एकाच पद्धतीने पकडले असतील तर गटांची आपसांतील तुलना तरीही उपयोगी ठरते.

तेव्हा या प्रयोगांचे प्रामाणिक सार असे: मोकळा ग्लुकोज हा कोळंबीच्या खाद्यातील चांगला घटक नाही. यापुढे जाऊन ‘कर्बोदके मानवत नाहीत’ असे म्हणणे म्हणजे एका मुलाच्या वागण्यावरून सगळ्या वर्गाला शिक्षा करणे होय.

बचत म्हणजे नेमके काय?

दुसऱ्या वाक्याकडे वळू. तैवानमधील कीलुंग येथील शिआउ आणि पेंग यांनी 1992 साली टायगर कोळंबीवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याची आखणी आम्हांला विशेष आवडली, कारण ‘कशाच्या जागी?’ या प्रश्नाचे उत्तर त्यात उघडपणे दिलेले आहे. प्रथिने 40 टक्क्यांवरून 30 टक्क्यांवर आणायची आणि त्याच वेळी कर्बोदके 20 टक्क्यांवरून 30 टक्क्यांवर न्यायची. कर्बोदके तीन प्रकारची: पिष्ट, डेक्स्ट्रिन आणि ग्लुकोज. पिष्ट आणि डेक्स्ट्रिन येथेही ग्लुकोजपेक्षा सरस ठरली. महत्त्वाची गोष्ट अशी की पिष्टाच्या गटात प्रथिने 10 टक्क्यांनी उतरवूनही वजनवाढीत लक्षणीय फरक आढळला नाही.

यालाच ‘प्रथिनांची बचत’ म्हणतात. कल्पना सोपी आहे. घरात चुलीला सरपण नसेल तर माणूस खुर्चीचे पाय तोडून जाळील. सरपण आणून दिले की खुर्ची वाचते. सरपणाने खुर्ची तयार होत नाही, ती फक्त वाचते. पिष्ट हे सरपण आहे आणि प्रथिने ही खुर्ची. (उपमा अगदी काटेकोर नाही. कोळंबीचे कवच ज्या कायटिनचे बनते त्याचा सांगाडा ग्लुकोजपासूनच तयार होतो. म्हणजे थोडे सरपण बांधणीलाही लागते. फळ्यावरचे कोष्टक येथे पुन्हा अपुरे पडते.)

या निष्कर्षाचे महत्त्व मोठे आहे. कोळंबी-शेतीत सर्वांत मोठा खर्च खाद्याचा आणि खाद्यात सर्वांत महाग घटक प्रथिनांचा. ही प्रथिने बऱ्याच अंशी मासळीच्या कुटीतून येतात. पेरूच्या किनाऱ्यावर अँचोवी, आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तारली, अशी छोटी मासळी पकडून, वाळवून, दळून ती कुटी करतात. ती जितकी कमी लागेल तितके बरे. शेतकऱ्याच्या खिशाला बरे आणि समुद्रालाही बरे.

पण येथेही दोन ठिकाणी थांबायला हवे. ‘लक्षणीय फरक आढळला नाही’ आणि ‘फरक नाही’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. अशा प्रयोगांत एकेका खाद्याच्या वाट्याला बहुधा तीन-चार टाक्या येतात. एका टाकीत वीस कोळंब्या असल्या तरी त्या एकच पाणी आणि एकच नशीब भोगतात, त्यामुळे मोजणीचे एकक टाकी हेच असते, कोळंबी नव्हे. तीन टाक्यांच्या तुलनेत लहान फरक सहज लपून राहतो. ज्या फरकाला संख्याशास्त्र ‘लक्षणीय नाही’ म्हणते, तोच फरक मोठ्या तळ्यावर शेकडो किलोंचा असू शकतो. जाळे मोठ्या डोळ्यांचे असेल तर त्यात लहान मासळी सापडत नाही. त्यावरून तेथे मासळीच नव्हती असे म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट जातीची. कुरुमा कोळंबी अधिक मांसाहारी आहे, तिला प्रथिने पुष्कळ लागतात. भारतात 2009 मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरच्या ‘व्हनामी’ जातीच्या संवर्धनाला परवानगी मिळाली आणि पुढे टायगर कोळंबी मागे पडून तीच आपल्या तळ्यांत सर्वाधिक वाढवली जाऊ लागली. व्हनामी मिश्राहारी आहे आणि टायगरपेक्षा कमी प्रथिनांवर भागवू शकते. म्हणून 1979 चा कुरुमाचा आकडा किंवा 1992 चा टायगरचा आकडा उचलून आजच्या व्हनामीच्या तळ्यावर लावणे म्हणजे ज्वारीच्या खताचा हिशेब भाताला लावण्यासारखे आहे.

वजन कशाचे?

आता मूळ शब्दाकडे येऊ. ‘वाढ’ हा शब्द या निबंधांत पानोपानी येतो आणि तो बहुतेक वेळा एकाच गोष्टीसाठी असतो: प्रयोगाच्या शेवटी जिवंत असलेल्या कोळंब्यांचे सरासरी ओले वजन किती टक्क्यांनी वाढले. हा आकडा किती फसवू शकतो ते एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. हे गणित वर्गात करून घेण्याजोगे आहे.

समजा, ‘अ’ आणि ‘ब’ या दोन टाक्यांत प्रत्येकी 20 कोळंब्या सोडल्या. प्रत्येकीचे वजन 1 ग्रॅम. आठ आठवडे दोन्ही टाक्यांना प्रत्येकी 140 ग्रॅम खाद्य दिले. शेवटी ‘अ’ मध्ये 12 कोळंब्या उरल्या, सरासरी वजन 6 ग्रॅम. ‘ब’ मध्ये 18 उरल्या, सरासरी वजन 5 ग्रॅम. टक्केवारीने ‘अ’ ची वाढ 500 आणि ‘ब’ ची 400. ‘अ’ चे खाद्य श्रेष्ठ ठरले! पण एकूण वजन पाहा. ‘अ’ मध्ये 72 ग्रॅम, म्हणजे 52 ग्रॅमची भर. ‘ब’ मध्ये 90 ग्रॅम, म्हणजे 70 ग्रॅमची भर. एक ग्रॅम भर पडण्यासाठी ‘अ’ ला सुमारे 2.7 ग्रॅम खाद्य लागले, ‘ब’ ला 2 ग्रॅम. शेतकरी कोणते खाद्य विकत घेईल?

‘अ’ मधल्या कोळंब्या मोठ्या का झाल्या असतील? आठ मेल्या, म्हणून उरलेल्यांना जागा आणि खाद्य अधिक मिळाले. शिवाय कोळंब्या मेलेल्या आणि नुकतेच कवच टाकलेल्या भावंडांना खातात. म्हणजे त्यांच्या वाढीत खाद्याबरोबर भावंडांचाही वाटा असू शकतो. म्हणून जगण्याचे प्रमाण न सांगता दिलेला वाढीचा आकडा अर्धवट समजावा. चांगले निबंध दोन्ही आकडे देतात. सारांश उतरवून घेणारा मात्र बहुधा पहिलाच उचलतो.

आणखी एक बारकावा. कोळंबी आपल्यासारखी दिवसागणिक सलग वाढत नाही. ती ठरावीक काळाने कवच टाकते आणि नवे कवच मऊ असताना पाणी शोषून अंग फुगवते. त्या पाण्याच्या जागी मांस नंतर भरत जाते. तेव्हा ओल्या वजनातली भर म्हणजे सगळी मांसाची भर नव्हे. शरीरात प्रथिने किती साठली हे मोजले तर चित्र अधिक खरे मिळते. ‘पिष्टामुळे प्रथिने वाचली’ असा दावा असेल तर निदान हे मोजमाप दाखवण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर आहे, असे आम्हांला वाटते.

टाकीतून तळ्यात

आतापर्यंतचे प्रयोग स्वच्छ पाण्याच्या टाक्यांतले होते. तिथे कोळंबीला दिलेल्या गोळीशिवाय खायला काही नसते. तळ्यात तसे नसते. तळाशी शेवाळ, सूक्ष्मजीव, किडे, कुजका पाला असे पुष्कळ असते. 1987 साली अँडरसन, पार्कर आणि लॉरेन्स या अमेरिकी संशोधकांनी कार्बनच्या दोन स्थिर समस्थानिकांच्या प्रमाणावरून तळ्यातल्या व्हनामीने अंगी लावलेला कार्बन कुठून आला हे तपासले. त्यांच्या तळ्यांत वाढीचा 53 ते 77 टक्के भाग तळ्यातल्या नैसर्गिक अन्नातून आलेला निघाला. उरलेलाच तेवढा गोळी-खाद्यातून. कोळंबी जितकी दाट सोडावी तितका नैसर्गिक अन्नाचा वाटा कमी होणार हे उघड आहे. तरीही धडा स्पष्ट आहे. तळ्यात दोन खाद्यांची तुलना केली आणि फरक दिसला नाही, तर दोन्ही खाद्ये सारखी चांगली होती असेच नव्हे. कदाचित दोन्ही तळ्यांतले शेवाळच सारखे चांगले होते.

तळ्यात कर्बोदकांचे आणखी एक काम असते आणि तिथे ती कोळंबीच्या पोटातही जात नाहीत. इस्रायलमधील अवनिमेलेक यांनी 1999 साली मांडलेला हिशेब पाहा. कोळंबीने प्रथिने जाळली की त्यातील नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने पाण्यात येतो आणि अमोनिया तिलाच घातक असतो. पाण्यात मळी किंवा पीठ यांसारखे कर्बोदक टाकले की जीवाणू त्यातील कार्बन घेऊन वाढतात. वाढताना त्यांना नायट्रोजन लागतो, तो ते अमोनियातून उचलतात. हिशेब असा: 20 ग्रॅम कर्बोदकात सुमारे निम्मा, म्हणजे 10 ग्रॅम कार्बन. त्यातला 40 टक्के, म्हणजे 4 ग्रॅम, जीवाणूंच्या शरीरात जातो आणि बाकीचा श्वसनात. जीवाणूंच्या शरीरात 4 ग्रॅम कार्बनामागे सुमारे 1 ग्रॅम नायट्रोजन असतो. म्हणून 1 ग्रॅम नायट्रोजन बांधायला सुमारे 20 ग्रॅम कर्बोदक लागते. जीवाणूंचे असे पुंजके कोळंबी खातेही. ‘बायोफ्लॉक’ या नावाने आज जी पद्धत ओळखली जाते, तिच्यामागे हाच विचार आहे.

आता हे दोन हिशेब आम्ही शेजारी ठेवून पाहिले. प्रथिनांत सुमारे 16 टक्के नायट्रोजन असतो. 1 किलो खाद्यात 40 टक्के प्रथिने असतील तर नायट्रोजन 64 ग्रॅम, 30 टक्के असतील तर 48 ग्रॅम. वाढ खरोखरच तेवढीच राहिली, तर कोळंबीच्या अंगात साठलेला नायट्रोजनही साधारण तेवढाच असणार. म्हणजे दर किलो खाद्यामागे 16 ग्रॅम नायट्रोजन पाण्यात जायचा वाचला. हाच 16 ग्रॅम नायट्रोजन आधी पाण्यात जाऊ देऊन मग जीवाणूंकरवी बांधायचा म्हटला, तर 16 गुणिले 20, म्हणजे 320 ग्रॅम कर्बोदक लागेल. खाद्याच्या आत काम भागले ते 100 ग्रॅम जादा पिष्टात. सगळा नायट्रोजन अमोनियातच जातो असे नाही, काही विष्ठेत आणि उरलेल्या खाद्यातही राहतो, त्यामुळे हा हिशेब अंदाजाचाच समजावा. पण दिशा त्यावरून कळते. घाण करून निस्तरण्यापेक्षा ती न होऊ देणे स्वस्त पडते.

आणि हा फायदा ‘वाढ’ या आकड्यात कुठेही दिसत नाही! वाढ तेवढीच राहिली, म्हणून वरवर वाचणारा ‘पिष्टाचा परिणाम नाही’ असे म्हणून पान उलटेल. परिणाम होता, पण तो पाण्यात आणि जमाखर्चात होता. वजनकाट्यावर नव्हता. या संशोधनावरील आमचा मुख्य आक्षेप हाच. मोजायला सर्वांत सोपी असलेली गोष्ट शीर्षकात बसली आणि बाकीच्या गोष्टी तिच्यामागे झाकल्या गेल्या.

वर्गात करून पाहण्यासाठी

कोळंबी वर्गात आणणे सर्वांना जमणार नाही. पण ‘कशाच्या जागी?’ हा प्रश्न वर्गात सहज करून दाखवता येतो. कणकेचे तीन वाटे घ्या. पहिल्यात 50 ग्रॅम कणीक. दुसऱ्यात 35 ग्रॅम कणीक आणि 15 ग्रॅम पिठीसाखर. तिसऱ्यात 35 ग्रॅम कणीक आणि 15 ग्रॅम धुऊन वाळवलेली बारीक वाळू. घट्ट मळा, सोऱ्यातून शेवेसारखे पाडा, बोटाच्या पेराएवढे तुकडे करा, वाफवा आणि खडखडीत वाळवा. प्रत्येकी 10 ग्रॅम तुकडे एकेका भांड्यातील पाण्यात दोन तास ठेवा, अधूनमधून हलक्या हाताने ढवळा, गाळणीवर काढून पुन्हा वाळवा आणि वजन करा.

मुलांना आधी फक्त पहिल्या दोन वाट्यांचे निकाल दाखवा आणि कारण विचारा. ‘साखर विरघळली’ असे उत्तर येईल. मग विचारा, ‘साखर विरघळली, की कणीक कमी झाल्यामुळे तुकडे सैल झाले?’ तिसरा वाटा त्यासाठी आहे. तिथेही कणीक तेवढीच कमी आहे, पण वाळू विरघळत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्यातील फरकावरून काय ठरवता येईल, आणि काय ठरवता येणार नाही, हे मुलांनीच सांगावे. (वाळू सुटून गाळणीतून गेली तर? हा प्रश्न एखाद्या मुलाने विचारला तर त्याची पाठ थोपटा.)

मोठ्या वर्गांतील विद्यार्थ्यांना एखाद्या खाद्य-प्रयोगाची बातमी किंवा जाहिरात द्यावी आणि पाच प्रश्न विचारायला सांगावे. कोणता घटक कशाच्या जागी घातला? घटकाचे नाव सांगितले ते गटाचे की नेमक्या पदार्थाचे? वाढ कशाची मोजली आणि जगले किती? प्रयोग टाकीत झाला की तळ्यात, आणि कोणत्या जातीवर? ‘फरक नाही’ असे म्हटले आहे, की ‘फरक आढळला नाही’ असे? हे प्रश्न कोळंबीपुरते नाहीत. कोंबड्यांच्या खाद्याला, पिकाच्या खताला आणि मुलांची उंची वाढवण्याचा दावा करणाऱ्या डब्यातल्या भुकटीलाही तेच लागू पडतात.

ज्या संशोधकांच्या कामाचा येथे परामर्श घेतला त्यांच्याबद्दल आम्हांला आदरच आहे. त्यांनी आपल्या खाद्यांची पूर्ण कृती छापली, म्हणून तर इतक्या वर्षांनी दुसऱ्या देशातल्या वाचकांना ती उलटतपासता आली. अजूनही कोळंबीसाठी कर्बोदकांची ‘किमान गरज’ अशी ठरलेली नाही, कारण ती त्यांच्याशिवायही प्रथिने आणि मेद जाळून जगू शकते. तिला पिष्ट लागतेच असे नाही. ते दिल्याने कोणाचे काय वाचते, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे. आहाराचा धडा पुढच्या वेळी शिकवताना फळ्यावरच्या कोष्टकाशेजारी एक रकाना मोकळा ठेवावा आणि त्यावर ‘कशाच्या जागी?’ असे लिहावे, एवढेच आम्ही शिक्षक-वाचकांना सुचवतो. वाळूच्या वाट्याचे तुमच्या वर्गात काय झाले तेही आम्हांला जरूर कळवा.